बाबांचा ‘फोण’ आणि दहापैकी सहा

गेल्या महिन्यात एका एकांकिका स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला परीक्षक म्हणून बसले होते. दोन दिवस, १९ एकांकिका आणि मधल्या वेळात थर्मासमधला गोडमिट्ट चहा. स्पर्धेचं नाव सांगत नाही, कारण चूक स्पर्धेची नव्हती, माझी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवण अंगावर आलेलं असताना, एका कॉलेजची एकांकिका सुरू झाली. कापूस, कर्ज, नवरा गेलेला. शेजारच्या परीक्षकांनी सुस्कारा सोडला, कारण त्या दिवसातली ती तिसरी आत्महत्या होती. (लिहिताना लाज वाटते, पण दोन दिवस त्या खुर्चीत बसलं की माणूस असा होतो.) मुख्य भूमिकेत एक बारीकशी मुलगी. सासूशी वऱ्हाडीत बोलत होती. ‘मले’, ‘तुले’, ‘करून राहिली’, सगळं जिथल्या तिथे. मग बँकेतून फोन येतो. ती आधी डोक्यावरचा पदर सावरते. फोनवर पदर कोण बघणार? पण सावरते. आणि बोलायला लागते तर निम्मी वऱ्हाडी गायब. “हो साहेब, मला कल्पना आहे साहेब, पुढच्या महिन्यात भरते मी.” मध्येच एक ‘मले’ निसटतं, ते ती अर्ध्यात गिळते. फोन ठेवते, सासूकडे वळते, पुन्हा वऱ्हाडी.

मी गुणपत्रिकेत लिहिलं: बोलीत सातत्य नाही, मध्येच सुटते. वाचिक अभिनय, म्हणजे बोलण्याचे गुण, दहापैकी सहा.

संध्याकाळी संघांशी चर्चा असते. मी त्या मुलीला मोठ्या मनाने सल्ला दिला, “वऱ्हाडीवर अजून मेहनत घे. तिकडच्या कुणाच्या तरी घरी चार दिवस राहून ये.” ती अगदी शांतपणे म्हणाली, “मॅडम, मी दर्यापूरचीच आहे. घरी आम्ही असंच बोलतो.”

सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार. गुणपत्रिका तोवर जमा झालेल्या होत्या.

रात्री रिक्षातून घरी येताना तो फोनचा प्रसंग डोक्यातून जाईना. कारण तो मी पाहिलेला होता. स्टेजवर नाही, सेलूला, आमच्या घरात.

माझे बाबा सेलूच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. परभणी जिल्हा. बाबांच्या तोंडी किमान तीन मराठी असायच्या. खिडकीपुढे रांगेत उभ्या असलेल्या पेशंटला: “काय व्हायलंय? कव्हापासून?” आत डॉक्टरांना: “साहेब, तापाचे पेशंट जास्त आहेत आज.” आणि तिसरी मराठी वर्षातून दोन-तीनदा निघायची, पुण्या-मुंबईचं कुणी आलं की. १९९६ मध्ये मला बघायला पुण्याहून मंडळी आली तेव्हा तर ती इस्त्री करूनच ठेवली होती. आमच्याकडे ‘पाणी’चं ‘पानी’ होतं, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं आणि त्या दिवशी ते होऊ द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं होतं. ‘पाणी’ बरोबर आलं. ‘जेवण’ बरोबर आलं. पण मग त्यांना थांबताच येईना. “आमच्याकडे दुकाणं जवळच आहेत,” बाबा म्हणाले. आणि पाहुणे निघताना, फाटकापाशी हात जोडून: “पोचल्यावर फोण करा.”

माझ्या सासूबाईंनी ते ऐकलं. पुढे पंचवीस वर्षं अधूनमधून ऐकवलंही, तो वेगळा विषय.

सांगायचं ते असं की कुठल्याही नटाला ‘पानी’ म्हणता येतं. ‘ण’चा ‘न’ केला, ‘होतं’चं ‘व्हतं’ केलं की झाला खेडूत. पण ‘फोण’ म्हणणारा नट मला अजून भेटायचाय. त्या एका अक्षरात बाबांची पाहुण्यांबद्दलची अदब होती, मुलीचं लग्न ठरेल की नाही ही धास्ती होती आणि आपणही काही कमी नाही हा ताठाही होता. आवाज कुठेही न चढवता, डोळ्यांत पाणी न आणता.

दर्यापूरच्या त्या मुलीने नेमकं हेच केलं होतं. बँकेचा साहेब म्हणजे तिचे पुण्याचे पाहुणे. ‘बोली सुटते’ असं मी लिहिलं, तिथे ती बोली सोडत होती. मुद्दाम, पात्राच्या भीतीपोटी. आणि ‘मले’ अर्ध्यात गिळणं हा तर त्या एकांकिकेतला सगळ्यात सुंदर क्षण होता, जो मी झोपाळलेल्या डोळ्यांनी चूक म्हणून नोंदवला. मला वऱ्हाडी म्हणजे टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांतली वऱ्हाडी माहीत, जिथे दर वाक्याला एक ‘काऊन’ आणि एक ‘बावा’ पडतो. हिने अख्ख्या पाऊण तासात ‘काऊन’ एकदाच म्हटलं. माझ्या हिशेबात ती कमी वऱ्हाडी ठरली.

याच्यावर कडी म्हणजे हेच माझ्याशी कुणीतरी आधी केलेलं होतं. १९९१ मध्ये युवक महोत्सवात मी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधलं बेणारेबाईंचं स्वगत केलं होतं. परीक्षक मोठ्या शहरातून आलेले. म्हणाले, मुलीकडे ताकद आहे, पण भाषा अशुद्ध. मी आठवडाभर रडले. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्यांचा निकाल बरोबर होता आणि कारण चूक होतं. लीला बेणारे शाळेतली शिक्षिका आहे, मुंबईतल्या हौशी नाटकमंडळींत वावरणारी, ती माझ्यासारखी ‘हाये’ म्हणणार नाही. एवढंच सांगायचं होतं. ‘अशुद्ध’ म्हणायची गरज नव्हती. मी मात्र तो शब्द इतका मनाला लावून घेतला की पुण्यात येऊन चार वर्षांत अशी मराठी शिकले, जिच्यावरून मी कुठली हे कुणाला ओळखताच येत नाही. आणि मग त्याच मराठीच्या जोरावर परीक्षक झाले.

तर आता बसून नव्याने आठवतेय की कुणाचा अभिनय आपल्याला थोर वाटला आणि का.

लहानपणी परभणीला लक्ष्मण देशपांड्यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ पाहिलं. एकटा माणूस ५२ पात्रं उभी करतो, हे आकड्यात सांगून काही कळत नाही. मला आठवतं ते आजूबाजूच्या बायांचं हसणं. आमची भाषा स्टेजवरून ऐकू येतेय आणि लोक तिला हसत नाहीयेत, तिच्यातून हसतायत, हे मी पहिल्यांदा पाहिलं. त्यातही बबन्याची मराठी वेगळी आणि शिकलेल्या पात्रांची वेगळी. नंतर झालं असं की जो कुणी मराठवाड्याचा माणूस उभा करायला जातो तो आम्हाला नाही, देशपांड्यांनाच गिरवतो. अस्सल माणूस गेला आणि त्याच्या नकलेच्या नकला उरल्या.

मालवणीत ‘वस्त्रहरण’. गंगाराम गवाणकरांचं नाटक, १९८० पासून ५,००० हून जास्त प्रयोग. मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच. त्या नाटकाचं यंत्रच मुळी दोन मराठींवर चालतं. गावकरी महाभारतातलं नाटक बसवायला निघालेत, तोंडी पौराणिक, भारदस्त मराठी यायला हवी, आणि जरा काही बिनसलं की मालवणी उसळून वर येते. लोक म्हणतात मालवणी शिव्यांमुळे नाटक चाललं. मला नाही पटत. नुसत्या मालवणीला कुडाळात कोण हसणार? ती तर घरचीच. हसू येतं ते देव-राजांच्या मराठीतून मालवणीत घसरतानाच्या त्या अर्ध्या क्षणाला, आणि तो अर्धा क्षण कांबळींच्या हातात होता.

‘ती फुलराणी’ हे तर उघड उघड हेलाचंच नाटक. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पुलंनी केलेलं, १९७५ चं. भाषेचा मास्तर फुलवाल्या मंजुळेला ‘शुद्ध’ बोलायला शिकवतो. भक्ती बर्वेंना प्रत्यक्ष पाहायचं माझ्या नशिबात नव्हतं, पडद्यावरच पाहिलं. ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ हे स्वगत मी स्पर्धांमधून किती वेळा ऐकलं असेल, मोजदाद नाही. मुली पहिल्या शब्दापासून फणकारतात. कमरेवर हात, मान तिरकी, आवाज टिपेला. भक्ती बर्वेंकडे बघा, त्या मंजुळेच्या रागाखाली एक पोरकट स्वप्नरंजन चालू असतं. ती मास्तरला शिक्षा देतेय ती मनातल्या मनात, आणि मनातल्या मनात ती मोठी कुणीतरी आहे. त्या मोठेपणाचा हेल मध्येच तिच्या फुलवालीच्या हेलात मिसळतो. मुली राग तेवढा उचलतात.

(‘नटसम्राट’च्या ‘कुणी घर देता का घर’बद्दल मी काही बोलणार नाही. एकपात्री स्पर्धेत दहातले तीन जण तेच करतात आणि तिघेही डॉ. लागूंच्या आवाजात.)

आता निळू फुले. त्यांची नक्कल करणारे लोक घोगरा, ओढलेला आवाज काढतात आणि डोळे बारीक करतात. ज्यांना त्यांचा मोठेपणा बघायचाय त्यांनी ‘सामना’ बघावा. जब्बार पटेलांचा, तेंडुलकरांनी लिहिलेला, १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट. रस्त्यावरच्या एका दारुड्या मास्तरला तो घरी आणतो आणि हा मास्तर, म्हणजे श्रीराम लागू, एकच प्रश्न धरून बसतो: मारुती कांबळेचं काय झालं? निळूभाऊ तिथे किती हळू बोलतात! हाताखालच्या माणसांशी बोलताना तर वाक्य पूर्णसुद्धा करत नाहीत. कशाला करतील? अर्ध्या वाक्यावर माणसं पळतात. मास्तरशी मात्र तो पूर्ण वाक्यांत बोलतो, आदराने, जरा कुतूहलाने. हा माणूस आपल्याला घाबरत कसा नाही, हे कुतूहल. मला त्या चित्रपटात पाटलाची सत्ता गाड्यांत आणि कारखान्याच्या चिमणीत दिसत नाही, त्या अर्धवट सोडलेल्या वाक्यांत दिसते.

आणि हा पाटील उभा करणारा माणूस कोण, तर पुण्यात माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेला. साखर कारखाना त्याच्या सात पिढ्यांत नव्हता. पुढे चार वर्षांनी ‘सिंहासन’मध्ये तोच माणूस दिगू टिपणीस हा मुंबईचा पत्रकार होतो. घोगरेपणा तोच, पण आता तो सगळं ऐकून घेणाऱ्याचा आवाज आहे. शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो तेव्हा आपल्याला कळतं की याने किती ऐकून घेतलं होतं.

‘सैराट’वरून माझं एका जुन्या मित्राशी अजून भांडण आहे. तो म्हणतो, रिंकू राजगुरू अकलूजची, तशीच बोलते, त्यात अभिनय कसला? मी त्याला एकच सांगते. तुझ्या तोंडासमोर मोबाइल धरते, रेकॉर्डिंग चालू आहे असं सांगते, आणि मग तू घरी बोलतोस तसं बोलून दाखव. माइक समोर आला की आपण सगळे शाळेतली मराठी बोलायला लागतो. लग्नाच्या व्हिडिओत आमच्या आत्याबाई ‘मी वधूवरांना शुभाशीर्वाद देते’ म्हणाल्या होत्या, ज्या आयुष्यात कधी कुणाला ‘शुभाशीर्वाद’ म्हणाल्या नव्हत्या. कॅमेऱ्यासमोर आपली बोली टिकवणं, आणि तीही त्या वयात, हे खायचं काम नाही. राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला तो उगाच नाही.

पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. रिंकूची आर्ची पूर्वार्धात कुणासमोरही मराठी बदलत नाही. घरच्यांशी, मैत्रिणींशी, वर्गात, विहिरीवर, सगळीकडे तोच आवाज. दुसऱ्यासाठी भाषा बदलायची पाळी पाटलाच्या पोरीवर कधी आलेलीच नाही. ‘मराठीत कळत नाही, इंग्लिशमध्ये सांगू?’ ही जी दमदाटी गाजली, तिच्यातसुद्धा गंमत हीच की दोन्ही भाषांची मालकीण तीच. आणि मग पळून गेल्यावर हैदराबाद. तिथे हिची मराठी चालतच नाही. आवाज खाली येतो, वाक्यं आखूड होतात, बऱ्याचदा ती नुसती बघत राहते. बाबांचं जे नेहमी व्हायचं ते हिला आयुष्यात पहिल्यांदा होतंय. उत्तरार्ध लांबला, कंटाळवाणा झाला अशी तक्रार मी पुष्कळ ऐकली. मला तोच भाग अभिनयाचा वाटतो.

‘कोर्ट’ या चित्रपटातल्या गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील याच्या उलट टोकाला. कोर्टात ती कायद्याची इंग्रजी कलमं एका सुरात वाचते, भाजीची यादी वाचावी तशी. ना जोर, ना द्वेष. लोकलमध्ये बसली की साडीबिडीच्या गप्पा मारणारी मुंबईची बाई, घरी स्वयंपाक करणारी आई. तीन ठिकाणी तीन आवाज, आणि तिन्हींमध्ये ती एकदाही ‘बघा मी बदलले’ असं दाखवत नाही. लोकशाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार तर व्यावसायिक नटच नव्हते, चळवळीतले कार्यकर्ते होते. पोवाड्याच्या वेळी त्यांचा आवाज मंडपाचा आणि न्यायाधीशासमोर चार शब्दांचा. २०२१ मध्ये ते गेले.

हेल जमला नाही तरी थोर असणारे नट असतात का? असतात. ‘सारांश’मधले अनुपम खेर. सिमल्याचा २८ वर्षांचा तरुण, दादरकडचा निवृत्त प्रधान मास्तर. त्यांच्या हिंदीत मराठीपण शोधायला गेलात तर फारसं हाती लागत नाही. पण कस्टमच्या कचेरीत मुलाच्या अस्थी मागतानाचं ते तुटणं बघा. नियमाने जगलेला मास्तर तुटतो तसाच तो तुटतो. त्यांनी उगाच ‘काय को’ छाप हिंदी बोलायचा प्रयत्न केला असता तर सगळं पाण्यात गेलं असतं. शेजारी रोहिणी हट्टंगडी होत्या, त्याही तेव्हा तरुणच, आणि त्याआधी ‘गांधी’मध्ये त्यांनी कस्तुरबांची इंग्रजी अशी बोलली होती की ती इंग्रजी नवऱ्याकडून घरात आलेली आहे हे ऐकताना जाणवतं. संडास साफ करण्यावरून नवराबायकोचं भांडण होतं तो प्रसंग काढून बघा. परक्या भाषेत भांडताना माणूस जास्त सरळ उभा राहतो. बाफ्टा मिळालं त्यांना.

मला खरी चीड येते ती तिसऱ्या प्रकाराची. ‘व्हय जी’, ‘या पावनं’, ‘म्या काय म्हंते’. हे गाव नकाशात कुठे आहे? साताऱ्याचं नाही, सोलापूरचं नाही, लातूरचं तर नाहीच. माझ्या अंदाजाने ते गोरेगावच्या फिल्मसिटीच्या मागे कुठेतरी असावं. मालिकांमधली सगळी सासुरवाडी तिथेच. सोलापूरकडचा ‘लगा’ तिथे नाही, आमचं ‘कामून’ तिथे नाही, कोल्हापुरातला माणूस ‘पाणी’ स्पष्ट ‘ण’ने म्हणतो हेही तिथे कुणाला माहीत नाही. आणि त्या गावातली माणसं सरपंचाशी, म्हशीशी आणि कलेक्टरशी एकाच मराठीत बोलतात.

चार दिवसांपूर्वी बाबांना हे सगळं सांगितलं. आता ८४ वर्षांचे आहेत, सेलूलाच असतात, ऐकायला कमी येतं म्हणून मला ओरडून बोलावं लागतं. सहा गुणांचं ऐकून भडकले. “कामून कापलेस? पोरगी बरोबर बोलायली होती की!” मी म्हटलं, चुकलं बाबा. “चुकलं काय चुकलं? तिला कळवलंस का?” मी म्हटलं, नंबर नाही माझ्याकडे. “मग काढ की नंबर. कॉलेजात विचार. एवढं शिकून काय...”

तेवढ्यात त्यांच्या दाराची बेल वाजली. वीज मीटरचं रीडिंग घ्यायला कुणीतरी आलं होतं. बाबांनी मोबाइल टेबलावर ठेवला असावा, पण बंद केला नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, काठी टेकल्याचा आला. मग घसा साफ केल्याचा.

“या साहेब, मीटर आतल्या बाजूला आहे. जरा थांबा, मुलीचा फोण चालू आहे. पुण्याहून.”